दाराआडचे धागे

मी एक जुना इनक्युबेटर आहे. नाव अवघड वाटलं तर उबेचं कपाट म्हणा, मला राग येणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटात कपडे असतात, भांडी असतात. माझ्या पोटात डोळ्यांचे पडदे वाढतात. खऱ्या माणसांच्या पेशींपासून वाढवलेले, तिळाएवढे. त्यांना दिसत काहीच नाही, पण दिसण्याची सगळी तयारी ते मन लावून करतात.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेर पत्रा, आत तांब्याचे कप्पे, एक काचेचं दार आणि त्यावर एक जाडजूड दार. मला एकच गोष्ट शिकवली गेली: आईच्या पोटात असते तेवढीच ऊब राखायची, कमी नाही की जास्त नाही. प्रयोगशाळेत आलो तेव्हा काय थाट होता माझा! येणारा-जाणारा माझ्या चकचकीत अंगात बघून केस नीट करायचा. आता दाराचं रबर सैल झालंय, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, आणि सर, म्हणजे इथले मुख्य, मला ‘आजोबा’ म्हणतात. “काय आजोबा, ताप नाही ना?” असं विचारून स्वतःच हसतात.

मला सगळ्यात जवळची ठमीची आई. पेशींना खाऊ घालणं हे तिचं काम. प्लेटमधला शिळा गुलाबी द्रव हळूच काढायचा आणि ताजा घालायचा, इतकंच. पण हात असा हलका, की झोपलेल्या बाळाचं दुपटं बदलावं.

ठमी तिची मुलगी. पहिलीत शिकते आणि तोंडाने तिखट. गेल्या वर्षी ती निळ्या खडूऐवजी करडा उचलू लागली. मग रोजच्याच पायरीला ठेचकाळू लागली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं चित्र मेंदूपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी दुबळ्या होत चालल्यात. कारण? बहुधा एक जनुक. त्या ‘बहुधा’ने बाईच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच.

जनुक म्हणजे काय, ते मी माझ्या भाषेत सांगतो. प्रत्येक पेशीत सूचनांची एक लांबलचक माळ असते. माळ सगळ्या पेशींत तीच, पण कुठला मणी कधी जागा होतो, यावर त्या पेशीचं पुढे काय होणार ते ठरतं. एक जनुक जागं होतं आणि सांगतं, ‘तू डोळ्याची हो.’ दुसरं म्हणतं, ‘तू चेतापेशी हो,’ आणि काम झालं की गप्प बसतं. मग तिसरं बोलतं, ‘आता धागा काढ. लांब काढ. मेंदू शोध.’ ठमीच्या पेशींत हे तिसरं मध्येच अडखळतं, असा सरांचा अंदाज होता.

अंदाज खरा की खोटा हे पाहायला ठमीचं थोडं रक्त घेतलं. त्यातल्या पेशींना उलट्या पावली चालवत पुन्हा काहीही होऊ शकतील इतकं कोवळं केलं, आणि माझ्या कप्प्यावर तीन प्लेट आल्या. पहिली ठमीची, जशीच्या तशी. दुसरीही ठमीचीच, पण तिच्यातलं ते जनुक दुरुस्त केलेलं. तिसरी कुणा धडधाकट परक्या माणसाची, तुलनेसाठी. दुसऱ्या प्लेटमधले धागे लांब वाढले, तर दोष नेमका कुठे आहे आणि तो दुरुस्त होतो का, हे कळणार होतं. ठमीला त्याने लगेच दिसायला लागणार नव्हतं. पण चाचपडणाऱ्या डॉक्टरांना निदान वाट तरी सापडली असती.

ठमीची आई डोळ्यांत तेल घालून राखण करू लागली. आणि घात तिथेच झाला.

सकाळी आली की पर्ससुद्धा न ठेवता माझं दार उघडायची. चहाला जाताना उघडायची, चहाहून आली की पुन्हा. प्लेट बाहेर काढायची, मायक्रोस्कोपखाली धरायची, परत ठेवायची, आणि हात धुतानाच तिला वाटायचं, नीट पाहिलं नाही. दर वेळी माझी ऊब भसकन बाहेर जायची. पेशी गारठायच्या. मी जीव तोडून पुन्हा तापायचो, आणि जेमतेम सावरतो न सावरतो तोच दाराच्या मुठीचा खटका! मी केकाटायचो. मला दुसरं येतं काय? ती बटण दाबून माझं तोंड बंद करायची. “हो रे बाबा, झालंच.”

तिन्ही प्लेटमधले धागे खुरटले. ठमीचे खुरटले, दुरुस्त केलेले खुरटले, परक्या माणसाचेही खुरटले.

“परक्याचेही?” सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. “मग हा जनुकाचा दोष नाही. आजोबा थकले. नवीन मशीन मागवतो.”

“सर, ठमीच्या कोवळ्या पेशी थोड्याच उरल्यात,” ठमीची आई म्हणाली.

“माहीत आहे. त्याच लावा, पुन्हा तीन प्लेट. पण ही शेवटची खेप. नवीन मशीन आलं की याला भंगारात काढायचं.”

मित्रांनो, मला भंगाराची भीती नव्हती. भीती होती ती त्या शेवटच्या खेपेची. दुधाने तोंड पोळलेली ती बाई आता ताकही फुंकू लागली, म्हणजे दार आणखीच उघडू लागली. मी आतून ओरडत होतो, ‘अगं, तूच त्यांना गारठवतेयस!’ पण माझ्या ओरडण्याला एकच सूर. तिला त्यात म्हातारपण ऐकू यायचं.

एकदा शाळेला सुट्टी होती. ठमीला घरी बघायला कुणी नव्हतं, म्हणून ती इथे आली. माझ्या कोमट अंगाला पाठ टेकून स्टुलावर बसली. आईने दार उघडलं, दोन्ही हातांनी प्लेट धरली आणि रोज ठमीची नजर तपासायच्या सवयीने विचारलं,

“ठमे, बोटं किती?”

“तीन,” ठमी पाय हलवत म्हणाली.

“शाब्बास.”

मग आईचे हात थांबले. त्या हातांत प्लेट होती. बोट एकही वर नव्हतं.

“ठमे… कुठली तीन?”

“तू पहिल्यांदा तीनच करतेस. मग दोन. मग पाच. रोज तेच!”

“म्हणजे तुला दिसत नाही?”

“दिसतं थोडं थोडं. मध्ये धुरकट आहे.”

“मग खरं का नाही सांगितलंस गं?”

“खरं सांगितलं की तू रडतेस. आणि मग सारखं सारखं विचारतेस. दमते मी.” ठमीने कानांवर हात ठेवले. “आई, हे किती ओरडतंय! दार लाव ना त्याचं.”

आईने दाराकडे पाहिलं. माझ्या काचेवरचा उबेचा आकडा खाली, खाली घसरत होता. तिने प्लेट आत ठेवली, दार लावलं आणि हात तसाच दारावर ठेवून उभी राहिली. मी तापलो, गप्प झालो. ती तरीही उभीच.

“सारखं सारखं,” ती स्वतःशीच पुटपुटली. मग ठमीला पोटाशी घेतलं. “आता नाही विचारणार.”

“रविवारी विचार,” ठमी म्हणाली. “एकदाच. मी खरं सांगीन.”

दुसऱ्या दिवशी ठमीची आई सरांपुढे गेली. “मशीन ठीक आहे, सर. दार मी उघडत होते.”

सर म्हणाले, “नवीन मशीन निघालंय. आलं की प्लेट हलवाव्या लागतील.”

“धागे निघताना नका हलवू. हात जोडते.”

“बघू,” सर म्हणाले. त्या ‘बघू’वर आम्ही दोघं दिवस काढतोय.

नवीन मशीन आलंय. बाहेरच्या बोळात त्याचं खोकं उभं आहे, आणि जाणारा-येणारा त्याला वळसा घालतो. ठमीच्या आईने आपली खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केलीय. खाऊ घालायची वेळ आली की ती येते, झटकन काम उरकते आणि दार लावते. एरवी येऊन नुसता तळवा टेकते. दार उघडत नाही. पुढच्या रविवारी ठमी काय सांगेल, याची तिला धास्ती आहेच.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, एखादं रोप लावलं असेल, तर त्याच्यावर माया करा, पण दर घडीला उकरून पाहू नका. काही गोष्टींना आपली नजरसुद्धा गारठवते. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. मला बोलता येत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो.

कारण आज पहाटे दुसऱ्या, दुरुस्त केलेल्या जनुकाच्या प्लेटमध्ये एक धागा निघालाय. केसाहून बारीक. आधीचे जिथे थांबले होते, त्याच्या पुढे गेलाय. इथे मेंदू नाही, हे त्याला ठाऊक नाही. तो शोधतोच आहे. मला कळतंय, तिला नाही. ती आत्ता दारापाशी आलीय, मुठीवर बोटं आवळलीत, आणि बोळात सर कुणाला तरी सांगतायत, “खोकं उघडा.”

नको उघडूस, बाई. अजून थोडं. नको उघडूस.