बेहड्याच्या बिया

आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'आमचे कारभारी' म्हटलं की आमचं भागतं. पंचाईत एकट्या रुखमाबाईची, कारण तिच्या नवऱ्याचं नावच कारभारी. ती माझी शेजारीण. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून कधी आलं नाही. ग्रामपंचायतीच्या कारभाराला शिव्या द्यायच्या झाल्या तरी ती 'पंचायतीचं ते' म्हणते. मी मुद्दाम विचारते, "पंचायतीचं काय वं?" मग ती मला चिमटा काढते.

कारभारीभाऊ माळकरी माणूस. दारूविरुद्ध बोलायला लागले की तासभर थांबत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटावं, एकदा घ्यावी आणि सुटावं. यंदाच्या सप्त्यात वीणेचा मान त्यांचा होता. त्यासाठी शेगावहून नवी टोपीही आणली होती.

सप्ता बसायच्या आदल्या दिवशी त्यांची गाय चरता चरता सातपुड्याच्या जंगलात शिरली. भाऊ तिला शोधायला गेले. दुपार टळल्यावर गाय एकटीच घरी आली. बऱ्याच वेळानं भाऊ आले, ते विजेच्या खांबाला रामराम करत. देवळापुढच्या पारावर भजनी मंडळ बसलं होतं, मीही दर्शनाला आले होते. मंडळाचे प्रमुख रंगराव; भाऊ थेट त्यांच्या गळ्यातच पडले.

"रंगराव, तू लय बेसूर गाते बे. पन मानूस चांगला हायेस."

रंगराव लालबुंद झाले. "माळ काढा," ते म्हणाले. "पिऊन आलेल्या मानसाच्या गळ्यात ना माळ राहीन, ना उद्या वीना."

"म्या नाही घेतली हो. जंगलातले बदाम खाल्ले फक्त."

"वास तं नाही येऊन राह्यला," मी मध्ये तोंड घातलं.

"आजकाल बिनवासाची भी भेटते."

हे रंगरावांना कसं ठाऊक, ते कुणी विचारलं नाही. भाऊ माळेला घट्ट धरून रडायला लागले. मला हसू येत होतं, ते विरलं. ती माळ त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं घातलेली. ती उतरली असती, तर हा माणूस पुन्हा गावात मान वर करून चालला नसता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात रुखमाबाई आली. तिनं नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठ पारावर रिकामी केली. सुपारीएवढी करडी, मखमली सालीची फळं, दगडानं फोडलेली कठीण कवचं आणि बदामासारख्या काही बिया.

"हा बदाम नाही, बेहडा हाये," ती म्हणाली. तिचं माहेर डोंगरातलं. "याच्या बिया लय खाल्ल्या का मानूस झिंगते. आमच्याकडं लेकरायले हात नाही लावू देत."

"बेहडा तं मी रोज खातो, त्रिफळ्यात," रंगराव म्हणाले. "मी झिंगलो काय कधी?"

"त्रिफळ्यात साल असते. बी नसते."

"मले नाही पटत."

"मंग पाहा."

तिनं पारावरच्या बिया उचलल्या, उरलेली फळंही फोडली, तोंडाला पदर लावला आणि बाजूला वळून चावत बसली. दूध उतू जायची वाट पाहावी तसे सगळे तिच्याकडे पाहत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. देवळात दिवा लागला. रंगरावांनी माळेकडे हात नेला.

रुखमाबाई उठली. थोडी डुलली. डोक्यावरचा पदर घसरला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हाक मारली, "कारभारी! ओ कारभारी! माळ ऱ्हाऊ द्या गळ्यात, अन् चाला घरी!"

रंगरावांचा हात माळेपाशीच थांबला. भाऊंची तर झिंगच उतरली.

"पटलं रे बाप्पा," रंगराव हात मागे घेत म्हणाले. "शुद्धीतली रुखमाबाई काई नाव नाही घेनार."

माळ राहिली. दुसऱ्या दिवशी वीणाही भाऊंच्याच गळ्यात होती. आम्ही दोघी ओढ्यावर धुणं धूत होतो. रुखमाबाईनं कालचं लुगडं पाण्यात बुडवलं, तशी पदराची गाठ सुटली आणि बिया दगडावर सांडल्या. कालच्याच, अख्ख्या.

"अवं, तू तं खाल्ल्याच नाही!"

"बियायचा काय भरवसा? कोनाले चढते, कोनाले नाही चढत. तवरिक माळ गेली असती."

"म्हंजे शुद्धीत नाव घेतलं तुनं?"

ती लुगडं घासत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "कितीक वर्सं जिभेवर होतं वं."

"मंग, कसं लागलं?"

मला वाटलं, आता चिमटा बसणार. पण तिनं आधी देवळाच्या दिशेनं पाहिलं. तिकडून भजनाचा आवाज येत होता.

"गोड," ती म्हणाली.