चित्रामागचं पाणी

मित्रांनो, कुकटपल्लीतल्या एका तळ्याकाठी फिरायला आलात, तर तुम्ही जिच्या सावलीत उभे राहाल ती जुनी दगडी भिंत म्हणजे मी. माझ्या पाठीशी वरच्या गल्लीची सगळी माती आहे. ती खाली घसरू द्यायची नाही, हेच माझं काम. मातीत मुरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून गवंड्यांनी माझ्या अंगात ओळीने नळ्या बसवल्या होत्या.

कितीतरी वर्षं मी इमानाने उभी राहिले. कौतुक कोणी केलं नाही. लोक माझ्यावर थुंकले, जाहिराती डकवून गेले.

यंदा मात्र वस्तीतली तरुण मुलं आली. पुण्याहून इथे राहायला आलेली शर्वरी आणि इथेच वाढलेला युवराज त्यांचे पुढारी. त्यांनी मला घासून धुतलं, गिलावा केला आणि आपल्या तळ्याकाठच्या वस्तीचं चित्र काढायला घेतलं. गोल होडीतले मासेमार, खंड्या पक्षी, बतकम्माच्या सणाला फुलं पाण्यात सोडणाऱ्या बायका, आणि मधोमध युवराजच्या भामाआत्याचा हसरा चेहरा. मी किती सुंदर दिसत होते!

पण चित्रात भोकं नकोत, म्हणून मुलांनी माझ्या नळ्या सिमेंटने बुजवल्या होत्या.

मग झोडपून पाऊस पडला. पाठीमागे पाणी साचू लागलं. माती फुगली, मला पुढे रेटू लागली. खाली मुलं पाऊस जरा उघडला की येऊन हसत-खिदळत रंग भरत होती. माझा जीव घाबरा झाला. ओरडायला मला तोंड कुठे होतं? मी कोसळले असते, तर याच मुलांवर.

पाऊस थांबला, ऊन पडलं. त्या संध्याकाळी चित्र पाहायला सगळी वस्ती माझ्या पायथ्याशी जमणार होती. दुपारी शर्वरीला भामाआत्याच्या गालावर रंगाचे फोड दिसले. तिने तळहात टेकवला.

"युवराज, एवढं ऊन आहे, तरी भिंत ओली का? इथे नळी होती ना? आपणच बुजवली."

"हौ, पण आता फोडायचं? बस्तीतले सगळे येणार. नक्को यार! उद्या बघू."

"आणि ते उभे असताना पडली तर?"

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या भामाआत्याने किटली खाली ठेवली. "अरे, माझं तोंड फुटलं तर फुटू दे की! आधी ही पोरं लांब कर."

मुलं दूर सरली. युवराजने कडेला उभं राहून छिन्नी लावली. घाव माझ्यावर पडत होते, पण मला हवेहवेसे वाटले. सिमेंट निघालं आणि गढूळ पाण्याची धार चित्रावरून उसळली. एकेक करत त्यांनी साऱ्या नळ्या मोकळ्या केल्या. होड्या, फुलं, चेहरा, सगळं मातकट झालं. शर्वरी रडली. संध्याकाळी आलेल्या लोकांना मुलांनी दुरूनच थांबवलं आणि काय झालं ते सांगितलं. पुढे जाणकारांनी तपासून माझी डागडुजी केली, आणि मुलांनी नळ्या उघड्या ठेवून पुन्हा रंग दिला.

मित्रांनो, तरी धास्ती पुरती गेलेली नाही. पावसात माझ्यावरून मातकट ओघळ उतरतात. चित्र बिघडतं म्हणून नळ्यांत बोळा कोंबू नका. ओघळ दिसतात तोवर मी ठीक आहे. पण भर पावसात माझ्या नळ्या कोरड्या दिसल्या, तर माझ्याजवळ थांबू नका. लांब पळा आणि मोठ्यांना हाक मारा.