‘उलट-सुलट’ला आलेली नोटीस

ऑपरेटरबाईंनी तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांची बोलणी जोडून दिली. निवृत्तीनंतर हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनी विणणाऱ्यांसाठी ‘उलट-सुलट’ नावाची वेबसाइट काढली. बघता बघता तिथे तीनशे बायका आणि चार पुरुष जमले. मोज्याची टाच, सुटलेले टाके, सुनांचे स्वभाव, सगळ्याचा तिथे कीस पडायचा. बाई सकाळच्या चहाबरोबर ते वाचायच्या आणि एकट्याच खुदखुदायच्या.

एका मंगळवारी चहाबरोबर वकिलाची नोटीस आली.

‘गाठोडं’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणी बाईने महिन्यापूर्वी लिहिलं होतं: ‘निळ्या पाटीच्या दुकानातली लाल लोकर घेऊ नका. लाल काठाचं पांढरं टोपडं पहिल्याच धुण्यात सगळं गुलाबी झालं. दुकानदार लबाड आहे, वाईट माल मुद्दाम गळ्यात मारतो.’ दुकानदाराचं म्हणणं होतं, सात दिवसांत हे काढा आणि लिहिणारीचं नाव द्या, नाहीतर बदनामीचा दावा तुमच्यावर.

बाई भडकल्या. त्यांनी वकील भाचीला फोन लावला.

“अगं, मी बोर्डावर होते तेव्हा लोक एकमेकांना काय वाटेल ते बोलायचे. ऑपरेटरला कधी कुणी कोर्टात खेचलं का?”

“मावशी, फोनवरचं बोलणं हवेत विरून जायचं. हे भिंतीवर लिहिलेलं आहे, आणि भिंत तुझी.”

“म्हणजे तीनशे बायकांची ओळन् ओळ मी आधी तपासायची? मग विणू कधी?”

“आधी नको. तसं केलं तर कुणी काही लिहायलाच धजणार नाही. पण तक्रार आली, तू वाचलीस आणि तरी ढिम्म बसलीस, तर ‘मला काय माहीत’ म्हणायची सोय उरत नाही. यावर आम्हा वकिलांतच रोज हमरीतुमरी चालते.”

“आणि नाव?”

“कोर्टाने मागितलं तर बघू. तोवर मूग गिळून बस.”

गप्प बसणं हा बाईंचा पिंड नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या थेट निळ्या पाटीच्या दुकानात जाऊन थडकल्या. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर रंगवार गुंडे, आणि गल्ल्यामागे चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार.

“नोटीस मला आली आहे,” त्या म्हणाल्या. “लाल लोकरीचा एक गुंडा द्या, आणि कोमट पाण्याचं एक घमेलं.”

दुकानदार आधी चपापला, मग इरेला पेटला. “बघाच तुम्ही!” म्हणत त्याने घमेलं भरून आणलं. गुंडा बुडाला. दोघंही लहान मुलांसारखी वाकून बघत राहिली. पाणी आधी गुलाबी, मग चक्क डाळिंबी झालं.

दुकानदाराचा चेहरा पडला. “बाई, शपथेवर सांगतो, मला ठाऊक नव्हतं. लोकर मी रंगवत नाही हो. कारखान्यातून येते, मी फक्त विकतो.”

बाईंना हसू आवरेना. “अहो, मग मी तरी कुठे लिहिते? बायका लिहितात, मी फक्त जागा देते!”

तोही ओशाळून हसला. पण लगेच म्हणाला, “रंगाचं मान्य. लबाड म्हटलेलं मात्र लागलं मनाला. बत्तीस वर्षं दुकान चालवतोय.”

मुद्दाम फसवल्याचा पुरावा बाईंकडे नव्हता, आणि गाठोडंकडेही नसणार.

घरी येऊन त्यांनी तिला लिहिलं, ‘शेवटचं वाक्य तेवढं काढा.’ उलट टपाली उत्तर आलं, ‘माझं तोंड दाबू नका.’ बाईंनी दोन चहा घेतले, विणकाम हातात घेतलं, ठेवलं, आणि ते वाक्य स्वतःच काढलं. खाली लिहिलं: ‘इथलं एक वाक्य मी काढलं आहे, कारण ते खरं असल्याचं मला कुणी दाखवू शकलेलं नाही. लोकर रंग सोडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते राहील.’

मग जी धुमश्चक्री उडाली! निम्म्या म्हणाल्या, बाई घाबरल्या. निम्म्या म्हणाल्या, सगळंच काढायला हवं होतं. एकीने रुसून निरोपच घेतला आणि संध्याकाळी परत आली. भाचीने मात्र दुकानदाराच्या वकिलाला दोन ओळी धाडल्या आणि नोटीस मागे घेतली गेली. दुकानदाराने लाल गुंडे कारखान्याला परत पाठवले आणि तक्रारीखाली स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘टोपड्याची लोकर बदलून देईन.’

गाठोडं पंधरा दिवस फुरंगटून होती. मग तिचा प्रश्न आला, मोज्याची टाच वळत नाही, काय करू? सगळ्यात आधी दुकानदाराने उत्तर दिलं. ते साफ चुकीचं होतं, आणि अकरा बायकांनी त्याला तसं सुनावलं. ऑपरेटरबाईंनी त्यातला एक शब्दही काढला नाही.