जांभळीपाशी

सोमनाथनं पायातली चप्पल काढली, आपल्या हॉटेलासमोर रस्त्यावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "हितं."

"हितं कशाला? गिऱ्हाइकं थांबावी म्हनून?" सरपंच इंद्रजितनं विचारलं.

"गाडी हळू झाली की भज्यांचा वास आत शिरतो. त्याला म्या काय करू?"

जमलेली माणसं हसली. ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलला टेकून मोबाईल बघत होता. वस्तीला एकच गतिरोधक मंजूर झाला होता. डांबर उद्या पडणार होतं आणि जागा गावानं दाखवायची होती. इंद्रजितला तो देवळापुढं हवा होता. सोमनाथला हॉटेलापुढं. तासभर चप्पल इकडून तिकडं फिरत होती.

"तात्यास्नी इचारा की," शेवटी सोमनाथच म्हणाला. "त्या गाड्या त्यांच्याच सोयऱ्या."

तात्या म्हणजे हनुमंत हॉटेलाच्या बाकड्यावर बसला होता. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. मग उठला, रेघ मारायच्या फक्कीचा डबा उचलला आणि विंझरच्या दिशेनं चालू लागला. माणसं त्याच्यामागं निघाली.

रविवारी सकाळी त्या महागड्या गाड्या पुण्याहून यायच्या. विंझर मागं टाकायच्या आणि तोरणा समोर धरून वेल्ह्याकडं जायच्या. हनुमंतानं उमेदीची वर्षं पुण्यात, परदेशी गाड्यांच्या एका वर्कशॉपच्या फाटकावर काढली होती. चालवली एकही नाही. पण मेकॅनिक लोक डबा खायला त्याच्यापाशी बसायचे, आणि जेवताना त्यांच्या तोंडी गाड्यांशिवाय दुसरा विषय नसायचा. त्यातलं बरंच याच्या अंगात मुरलं. गावी परत आल्यावर रविवार उजाडला की तो अंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून बाकड्यावर येऊन बसायचा आणि डोळे मिटायचा. डोळे उघडे असले की माणूस रंगातच अडकतो, असं त्याचं म्हणणं.

इटालियन गाडी आली की आवाज वर चढत जायचा, सनईवाल्यानं श्वास न मोडता सूर लांबवावा तसा. जर्मनांच्या आठ सिलिंडरवाल्या खर्जात बोलायच्या. पण त्याचा खरा जीव पोर्शेवर. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं. सिलिंडर उभे नाहीत, आडवे; तीन इकडं, तीन तिकडं. दोन पोरी समोरासमोर बसून टाळ्यांचा खेळ खेळतात, दोघींचे हात एकदम पुढं येतात आणि एकदम मागं जातात, तसे आतले दट्टे, म्हणजे पिस्टन. याचा धक्का त्याच्यात जिरतो. आडवं असल्यामुळं ते इंजिन जमिनीलगत बसतं. मात्र एवढं ओझं मागं असलेली गाडी वळणात चुकली तर शेपटाकडून फिरते. त्या लोकांनी इंजिन काही हलवलं नाही. वर्षानुवर्षं बाकीची गाडी त्याच्याभोवती शहाणी करत बसले. हनुमंताला याचं फार नवल वाटायचं.

बायकोला हे सांगितलं तेव्हा रतनबाई म्हणाली होती, "मंग म्या बी जर्मनच की. तुमचं बी इंजिन नगं तितंच हाय."

गाड्यांना ती 'माझ्या सवती' म्हणायची. रविवारी त्यानं पाण्याची घागर उचलली नाही की म्हणायची, "जावा, सवती यायच्या झाल्या." पण महिन्यापूर्वीच्या त्या रविवारनंतर हा शब्द तिच्या तोंडी आला नव्हता.

त्या सकाळी ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाणंदीतून रस्त्यावर आली. भारा कानांवरून खाली आलेला. वळणातून गाडी सुटली ती सरळ तिच्यावरच. रतनबाईनं रस्त्याकडेच्या चरात उडी घेतली. भारा चाकाखाली गेला आणि गवत रस्ताभर झालं. मनगट मोडलं. गाडी थांबली नाही.

हनुमंत तेव्हा बाकड्यावर डोळे मिटून होता. दुसरा, तिसरा, असं ओठांतल्या ओठांत गिअर मोजत होता. मधेच आवाज एकदा अडखळला. तो गिअर नव्हता आणि ब्रेकही नव्हता. त्याला जरा वेगळं वाटलं, आणि तो पुढं मोजत राहिला. बोंब त्यानंतर ऐकू आली.

रतनबाईनं त्याला सगळ्यावरून टोमणे मारले, यावरून कधी नाही.

आता हनुमंत पाणंदीच्या तोंडाशी आला तसा इंद्रजित म्हणाला, "व्हय, हितंच बरोबर. काकू हितंच पडल्या."

पण हनुमंत थांबला नाही. पुढं जांभळीपर्यंत गेला, जिथं वळण संपतं आणि भातखाचरांमधून रस्ता सरळ होतो. तिथं त्यानं डबा खाली ठेवला.

"तात्या, हितं वस्ती कुठं हाय?" सोमनाथ म्हणाला.

"पाणंदीपाशी टाकला तर तितपतूर गाडी तिसऱ्यात गेलेली असती. उंचवटा बघून दाबला ब्रेक, तर घसरत मानसावरच यायची." त्यानं पायानं रस्ता दाखवला. "वळनातनं निघताना गाडी हितं सरळ व्हती. मागचं वजन चाकास्नी दाबतं, आनि डायवर एक्सलेटरवर पाय देतो. पाय हितंच देतो. हितं दिला न्हाई तर फुडं पळवीन म्हनलं तरी जमत न्हाई."

 अख्ख्या रस्त्यावर गाडीचा आवाज सुटायला ती सगळ्यात चांगली जागा होती, हे हनुमंताइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं वाकून फक्कीची पांढरी रेघ ओढली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग ठेकेदाराच्या माणसाला म्हणाला, "चढ लांबचा ठेवा. लई उंच नगं. या गाड्यांची पोटं खाली असत्यात."

"बघा, सोयऱ्यांची काळजी!" सोमनाथ म्हणाला. या वेळी फारसं कुणी हसलं नाही.

संध्याकाळी हनुमंत चुलीपुढं भाकरी थापत होता. रतनबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बाजूला बसली होती.

"ह्यो काय, पुरंदरचा नकाशा?"

"खाताना गोलच लागती."

"दोन क्लचचं सांगत व्हता न्हवं मला? एक भाकर तव्यावर असताना दुसरी हातावर तयार, तसा गिअर म्हनं. आवाज तुटत न्हाई, नुसता खाली उतरतो. तुमचा तवा तर मोकळाच जळतोय."

त्यानं घाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती दुमडली. रतनबाईनं डाव्या हातानं उलथणं घेऊन सरळ केली.

"कुठं दाखवली जागा?"

"जांभळीपाशी."

ती जाळाकडं बघत राहिली. "तितनं तर तुमच्या त्या सुटत्यात."

"व्हय."

"पानंदीपाशी चाललं असतं की."

"न्हाई चाललं असतं."

तिनं लाकूड मागं ओढलं. भाकरी झाल्यावर त्यातल्या त्यात गोल निघालेली त्याच्या ताटात टाकली.

ठेकेदारानं गतिरोधक नेहमी करतात तसाच केला, उंच आणि उभा. रविवारी हनुमंत घरीच रेंगाळला. खुंटीवरची टोपी त्यानं काढली नाही. रतनबाईनं ती काढली, झटकली आणि त्याच्या हातात दिली.

तो बाकड्यावर गेला नाही. जांभळीखाली जाऊन उभा राहिला. एसटी गेली, आत माणसं आपटली. कुणीतरी खिडकीतून शिवी दिली. दुधाचा टेम्पो गेला. मग विंझरच्या अंगाला तो आवाज आला, टाळ्यांचा. हनुमंतानं डोळे मिटले नाहीत.

ओल्या सिमेंटच्या रंगाची पोर्शे वळणातून आली आणि गतिरोधकाच्या अलीकडं थांबली. आतला तरुण उतरला, वाकून उंचवट्याकडं आणि मग गाडीच्या पोटाकडं बघत राहिला.

"घासेल," तो स्वतःशीच म्हणाला.

"सरळ घेतली तर घासंल," हनुमंत पुढं झाला. "तिरकी घ्या. आधी डावं चाक चढवा."

तरुण आत बसला. हनुमंत रस्त्यात उलटा चालत, हातानं खुणा करत राहिला. एकेक चाक चढलं, एकेक उतरलं. एवढी वर्षं ऐकलेली गाडी तो पहिल्यांदा पावला-पावलानं बघत होता. मागचा पंखा फिरत होता. पोट आणि डांबर यांच्यात बोटभर जागा उरली. शेवटचं चाक उतरलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

तरुण पुन्हा उतरला. हात पुढं करून म्हणाला, "मी शार्दूल. थँक्यू, काका. हा कधी झाला? आणि नेमका इथंच? इथून तर..." तो थांबला, हसला. "जाऊ द्या. तुम्हाला काय सांगायचं."

"हितं पाय द्यायचा असतो."

शार्दूल त्याच्याकडं, मग त्याच्या टोपीकडं बघत राहिला. "तुम्ही ते हॉटेलसमोरचे काका का? डोळे मिटून बसणारे?"

"व्हय."

"अहो, आमच्या ग्रुपमध्ये सगळे ओळखतात तुम्हाला! कुणी नवीन आला की आम्ही सांगतो, तिथं एक आजोबा बसतात, त्यांना नीट ऐकू गेलं पाहिजे. तुमच्यासाठी म्हणून सगळे इथून जरा जास्तच..."

हनुमंतानं जांभळीच्या खोडावर हात टेकला. 

तेवढ्यात पाणंदीच्या तोंडाशी रतनबाई आली. डाव्या हातात म्हशीचा कासरा, उजवा गळ्यात बांधलेला. रस्त्यावर गाडी बघून ती थबकली.

शार्दूलचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "काकूंना काय झालं?"

"ही जागा म्याच दाखवली," हनुमंत म्हणाला. "तिच्यापायी."

शार्दूलनं गतिरोधकाकडं बघितलं, पाणंदीकडं बघितलं, मधलं अंतर बघितलं.  भाऱ्यावरून गेलेली गाडी कुणाची होती, ते हनुमंतानं विचारलं नाही. रतनबाई म्हशीला घेऊन जवळ आली आणि गाडीपुढून निघाली. म्हैस मधेच थांबली आणि गाडीच्या पुढच्या पत्र्याला नाक लावून फुसफुसली. कुणी तिला हाकललं नाही.

"गार हाय की," रतनबाईनंही तळवा टेकवून बघितला. "इंजिन बंद हाय?"

"इंजिन मागं असतं, काकू."

"ते ठावं हाय. मंग फुडं काय?"

"सामान ठेवतात."

"भारा मावंल?"

 ती म्हशीला ओढून पलीकडं गेली. शार्दूल गाडीत बसला, काच खाली केली आणि हळूच निघाला.

पुढं रस्ता मोकळा होता. हनुमंत कान देऊन उभा राहिला. गाडी पाणंदीपुढून गेली, हॉटेलापुढून गेली, देवळापुढून गेली. सोमनाथ चहाचं गाळणं हातात घेऊन बाहेर आला आणि बघत राहिला. सायकल जावी तशी ती गेली आणि घरांआड दिसेनाशी झाली.

"गेली?" पलीकडून रतनबाईनं विचारलं.

"गेली."

"बोलली न्हाई."

"न्हाई."

त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं. म्हशीनं चरातलं गवत ओढायला सुरुवात केली. तो रस्ता ओलांडून बायकोकडं गेला आणि तिच्या हातातला कासरा घ्यायला वाकला.

"थांबा." रतनबाईनं प्लास्टरचा हात वर केला. "ऐका."

वस्ती संपल्यावर माळ लागतो, तिथून, तोरण्याच्या अंगानं तो आवाज उठला. लांब, न तुटलेला.

हनुमंतानं तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते.

"दुसरा," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "तिसरा."