न बोललेलं वाक्य

प्रदर्शनाच्या हॉलमधला बोर्ड पुसता पुसता यमुताईंचा हात थांबला. सहा फुटी बोर्डवर त्यांचाच चेहरा होता. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : 'यमुताई, वय ४९. लिहिता-वाचता येत नाही.' आणि त्याखाली अवतरणचिन्हांत : 'पोरी शिकून काय करणार?'

त्यांनी ते दोनदा वाचलं.

शेजारी तक्ता होता. कॉलेजमागच्या वस्तीतल्या बायका म्हणून शंभर छोट्या आकृत्या. त्यातल्या एकसष्ट राखाडी, म्हणजे निरक्षर. टेबलावर हाताने शिवलेलं पुस्तक आणि कापडी पिशव्यांची चळत. सगळ्यांवर 'उजेड' नावाच्या साक्षरता मोहिमेचं बोधचिन्ह : मान खाली घातलेली, पदर घेतलेली बाई. नाकावरून ती यमुताईच, हे कोणीही ओळखलं असतं.

हुडकेश्वरच्या त्या खासगी डिझाइन कॉलेजात यमुताई रंगारी अकरा वर्षं सफाईचं काम करत होत्या. पोरांनी कापून टाकलेल्या कागदाच्या चिंध्या गोळा करायच्या, टेबलांवर वाळलेला गोंद जुन्या पट्टीने खरवडायचा. शेवटच्या वर्षाच्या पियुषचं हे पुस्तक शिवताना धागा सारखा तुटत होता, तेव्हा त्यांनीच धाग्याला मेण लावून दिलं होतं. त्याच दिवशी चहा पिताना त्याने त्यांचे फोटो काढले. त्या हसल्या होत्या. बोर्डासाठी त्याने हसण्याआधीचा फोटो निवडला होता.

तेवढ्यात पियुष चिकटपट्टी घेऊन आला.

"यमुताई! कसं दिसून राहिलं? मस्त ना?"

"मले वाचता येत नाही, हे तुले कोणं सांगितलं गा?"

पियुष गोंधळला. "म्हणजे... येते का तुम्हाले?"

"मी दहावी पास आहो. कुहीच्या शाळेतून. माह्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरची एक पोरगी शाळेबाहेर नाही राह्यली. माही उन्नती फार्मसीले हाये. अन् पोरी शिकून काय करणार, असं मी कधी म्हटलं?"

"अरे ताई, सिरियस काहून होऊन राहिल्या? ते म्हणजे तुम्ही नाही. बोर्डाले एक चेहरा पाहिजे होता. कॉन्सेप्ट आहे तो."

"चेहरा माहा, नाव माहं, अन् मी नाही?"

आवाज ऐकून नंदिनी मॅडम आल्या. पियुषचा हा प्रकल्प त्यांच्याच विषयाचा होता. सगळं ऐकून त्यांनी घड्याळ पाहिलं.

"यमुताई, अकराला परीक्षक येताहेत. छापून झालेलं आता कसं बदलणार? आणि त्याचा हेतू चांगलाच आहे ना?"

"हेतू चांगला असला म्हणून खोटं चालते का, मॅडम?"

"संध्याकाळी बोलू आपण. तुम्ही स्टाफरूम आवरून घ्या आधी."

यमुताई गेल्या. स्टाफरूमची फरशी त्या जोर लावून पुसू लागल्या. ते वाक्य त्यांनी खरंच ऐकलेलं होतं. उन्नतीच्या ॲडमिशनच्या वेळी थोरल्या दिरानं म्हटलं होतं, आणि यमुताईंनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. तेच वाक्य आज या पोरानं त्यांच्या तोंडी घातलं होतं. छापून. रंगीत.

पोछा त्यांनी तिथेच टाकला.

हॉलमध्ये तीन परीक्षक बोर्डासमोर उभे होते. पियुष सांगत होता, "या यमुताई, आमच्याच कॉलेजमध्ये काम करतात. यांच्यासारख्या स्त्रियांसाठी ही मोहीम."

यमुताई बोर्डाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. ओल्या बोटाने एकेक ओळ दाखवत मोठ्याने वाचू लागल्या. मथळा वाचला, तक्ता वाचला, अगदी कोपऱ्यातली बारीक अक्षरंही वाचली : 'संकल्पना व मांडणी, पियुष.' कोणी अडवलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "हे खालचं वाक्य मी म्हटलं नाही. अन् मले वाचता येते का, हे तुम्ही आताच ऐकलं."

एका परीक्षक बाईंनी पियुषला विचारलं, "या वस्तीत गेला होतास तू? या एकसष्ट कोणी मोजल्या?"

पियुष बोर्डाची सुटलेली कड चिकटपट्टीने दाबू लागला. तिघेही पुढच्या टेबलाकडे गेले.

दुपारी बोर्ड उतरवला गेला. पिशव्या तोवर पाहुण्यांना वाटून झाल्या होत्या. मांडणीचं दुसरं बक्षीस पियुषलाच मिळालं.

चार वाजता सफाईच्या ठेकेदाराचा सुपरवायझर देवाजी यमुताईंना शोधत आला.

"माफीनामा द्या लिहून, ताई. कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. दोन ओळी. पाहुण्यासमोर माही चूक झाली, बस. नाही तर सोमवारपासून दुसरी बाई पाठवतो म्हणते ठेकेदार."

"कागद द्या."

त्या टेबलाच्या कडेला बसल्या. एक बाजू भरली. कागद उलटला. दुसरी अर्धी भरली. देवाजी दारात चुळबुळत होता. हातात कागद पडल्यावर त्याने वरच्या ओळी पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय लिवलं वं, ताई? यात चूक झाली, हे कुठी हाये?"

"लिवलं हाये. कोणाची, थे बी लिवलं हाये."

"ठेकेदार हे घेणार नाही. काम जाईन तुमचं."

"जाऊ द्या. पण तुम्ही आधी पुरतं वाचा."

देवाजीने खिशातून चष्मा काढला. ओठ हलवत, एकेक शब्द लावत तो वाचू लागला. तो पान उलटेपर्यंत यमुताई तिथेच उभ्या राहिल्या.