तीन नंबर, हजर

तीन नंबर बोलतोय. घाबरू नका, बाई नव्हे, कप आहे. एनॅमलचा, पांढरा, निळ्या काठाचा, बुडाशी दोन टवके उडालेला. पोटावर लाल रंगात तीनचा आकडा आहे, तो आता जवळून बघितला तरच दिसतो.

जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण खरं आयुष्य सुरू झालं ते मॅनिटोबातल्या एका तळ्याकाठी. मुलींचं उन्हाळी शिबिर होतं. एका होडीत चार मुली, चार कप. होडी काठाला लागली की शिबिराच्या ताई ओरडायच्या, "मोजा!" मग प्रत्येकीनं आपापला आकडा द्यायचा. एक म्हणजे लॉर्ना, दोन ओलेना, तीन सिग्रिड, चार डोरीन. आकडा आला म्हणजे माणूस आलं.

मी सिग्रिडचा. तिला सकाळी उठायचं जिवावर यायचं. बाहेर मोजणी चालू आणि ही तंबूत डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेली. मग डोरीन नाकातून, जाड आवाज काढून "तीन!" म्हणायची आणि लगेच आपल्या आवाजात "चार!" हुबेहूब. ताईंना अखेरपर्यंत कळलं नाही.

मुलींच्या बाया झाल्या, बायांच्या आज्या झाल्या, पण मोजणी काही सुटली नाही. दर फेब्रुवारीत, विनिपेगला पापण्यांवर बर्फ धरायला लागला की चौघी आम्हा कपांना घेऊन मेक्सिकोला निघायच्या. सान तेल्मोच्या किनाऱ्यावर दरवर्षी तेच घर. टॅक्सीतून उतरल्यावर मोजणी, समुद्रातून बाहेर आल्यावर मोजणी. नवरे याला पोरखेळ म्हणायचे. नवरे एकेक करून कमी झाले, पोरखेळ चालू राहिला.

गेल्या वर्षी पोचल्या त्याच संध्याकाळी, बॅगा न उघडता, चौघी पाण्यात शिरल्या. आम्ही चार कप वाळूत ओळीनं उभे होतो. दिवस बुडताना त्या बाहेर आल्या, लॉर्नानं टॉवेल झटकत मोजणी सुरू केली. तोंडं घराकडे, पाठ पाण्याकडे. "एक." "दोन." मग थोडा वेळ काहीच नाही.

डोरीनला वाटलं, सिग्रिड नेहमीसारखी आंघोळीला पहिला नंबर लावायला पुढे पळाली असणार. तिनं नाक दाबलं. "तीन!" आणि मग, "चार!"

आकडे पुरे भरले. तिघी चालत्या झाल्या.

मी वाळूत होतो. मी बघत होतो. माझ्याकडे तोंड आहे, पण आवाज नाही.

सिग्रिडला दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी आणलं. आणि मग सगळ्यांना एकच प्रश्न छळायला लागला. मोजणीत तर ती होती, आकडा दिला होता तिनं. म्हणजे ती बाहेर आली होती आणि एकटीच, आपल्या पायानं, परत आत गेली. का? ओलेनानं उत्तर काढलं, तेच सिग्रिडच्या लेकीला सांगितलं, आणि तेच सगळ्यांनी धरलं. डोरीन काही बोलली नाही. मला तिनं स्वेटरमध्ये गुंडाळून आपल्या घरी नेलं.

तिथं, तिच्या स्वयंपाकघराच्या कपाटात, मला ते पहिल्यांदा जाणवलं. सकाळी माझ्यात दोन बोटं पाणी असायचं. डोरीननं आधी नळाला दोष दिला, मग छताला. मला पालथं घातलं, तर फळीवर ओलं वर्तुळ. एके सकाळी तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. विनिपेगपासून समुद्र किती लांब आहे, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी ती शेगडीपाशी खुर्चीत बसून राहिली, केटली शिट्टी घालत होती तरी उठली नाही.

यंदा जावं की नाही यावर महिनाभर फोन झाले. शेवटी लॉर्नानं ठरवलं, वर्षाचा दिवस तिथंच करायचा. निघताना डोरीननं मला पुसून कोरडा केला आणि हातातल्या पिशवीत ठेवला. विमानतळावर तपासणीच्या माणसानं मला बाहेर काढलं, तिरका केला आणि म्हणाला, "आजी, पाणी नेता येत नाही. ओतून या." डोरीननं मला कोपऱ्यातल्या बादलीत रिकामा केला. मागून लॉर्ना म्हणाली, "चल गं म्हातारे, लोक खोळंबलेत."

सान तेल्मोला पोचलो तेव्हा भर दुपार होती. घरमालकीण चायोबाई दारात किल्ली घेऊन उभ्या, आतून तळलेल्या माशाचा वास. टॅक्सी गेली. आणि लॉर्नाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मोजा गं." म्हणाली आणि तिनंच जीभ चावली. पण निघालेलं थांबवायचं कसं? "एक," ती हळूच म्हणाली.

"दोन," ओलेना.

"तीन."

नाकातून. जाड. झोपेतून उठल्यासारखा.

तो आवाज माझ्या पोटातून आला. माझा नव्हता, पण मी त्यानं कानापासून बुडापर्यंत हाललो.

ओलेना गर्रकन वळली. "डोरीन! लाज वाटत नाही तुला? आजच्या दिवशी तरी चाळे करू नकोस!"

"मी नाही."

"मग कोण, तुझी पिशवी बोलली? पन्नास वर्षं तूच काढतेस तो आवाज!"

"आज मी नाही गं," डोरीन म्हणाली. पिशवीच्या शिवणीतून पाणी तिच्या चपलेवर ठिबकत होतं. "गेल्या वर्षी मी होते."

चायोबाईंनी छातीवर क्रूस काढला. ओलेना तिथंच आपल्या बॅगेवर बसली.

"म्हणजे ती बाहेर आलीच नव्हती?"

"नाही."

"वर्षभर शिव्या घातल्या गं मी तिला. एका शब्दानं न बोलता आम्हाला सोडून गेली म्हणून. तिच्या लेकीला सांगितलं, तुझ्या आईला जगायचं नव्हतं!" ओलेनाचा आवाज चिरकला. "आणि तू ऐकून घेतलंस. जवळ बसून, माझ्या हातचा केक खात ऐकून घेतलंस!"

"हो," डोरीन म्हणाली. दुसरं काही म्हणाली असती तर मला तरी आवडलं नसतं.

लॉर्नानं आपला फोन पुढे केला. "तिच्या लेकीला लाव. आत्ता, इथं, आमच्यासमोर."

डोरीननं लावला. काय बोलली ते सांगत नाही, ते त्या मुलीचं आहे. पलीकडून रडणं ऐकू आलं. ओलेना पाठ फिरवून उभी होती, पण आत गेली नाही.

मग त्या पाण्याकाठी गेल्या. कपडे न बदलता, बुटांत वाळू घेत. चार कप पुन्हा ओळीत. या वेळी तोंडं समुद्राकडे.

"एक."

"दोन."

लाट आली, गेली. आणखी एक आली, गेली. माझ्या पोटात काही हललं नाही. डोरीन ओठ दाबून उभी होती.

"चार."

"एक कमी आहे," लॉर्ना म्हणाली. वर्षभर उशिरा, पण म्हणाली.

आता मी सान तेल्मोच्या त्याच घराच्या खिडकीत आहे. आत थेंब नाही, तीन दिवस झाले. पण माझा कान अजून ओला आहे, कुणी तरी ओल्या बोटांनी धरून नुकतंच खाली ठेवल्यासारखा. पुसून वाळत नाही. डोरीन रोज सकाळी बघते आणि आता पुसत नाही.

तुम्हीही कधी जुन्या मैत्रिणींबरोबर कुठं जाल, कुठं उतराल, आणि कुणी तरी हसत मोजणी करेल. तेव्हा माझं एवढं ऐका. जिचा आकडा येत नाही, तिच्या वाटचा तुम्ही देऊ नका. ती जागा तशीच राहू द्या. तेवढ्या शांततेनंच कुणी तरी मागं वळून बघतं.