गिफ्ट-ओमा

जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष. हे माझ्या भावाला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या पोरीला तर पक्कं माहीत होतं. सोलापुरात आमच्या गल्लीत ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून माझी आई वर्षभर ते नाव मिरवत राहिली.

आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आई म्हणजे अव्वा, वडील म्हणजे अप्पा. अव्वाचं नाव दाक्षायणी, पण गेल्या वर्षी तिचं नव्यानं बारसं झालं. दर रविवारी दुपारी शिवूचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, जर्मनीहून व्हिडिओ कॉल यायचा. अव्वा त्याच्या कितीतरी आधी केस विंचरून, कपाळाला विभूती लावून, फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसायची. पडद्यावर नीला यायची, "हालो गिफ्ट-ओमा!" असं ओरडायची आणि पळून जायची. नातीची भेट ती एवढीच. त्या एका हाकेवर अव्वा आठवडा काढायची.

ओमा म्हणजे आजी, हे शिवूनं सांगितलं होतं.

"आन् गिफ्ट का म्हणती रे?" अव्वानं विचारलं.

शिवूनं फोन या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "तू पार्सलं पाठवतेस ना, म्हणून."

ते खोटं नव्हतं. अर्धं खरं बोलण्यात आमचा शिवू लहानपणापासून तरबेज.

झालं. अव्वानं गल्लीभर सांगितलं. समोरच्या बाळाबाई म्हणाल्या, "अज्जी म्हनाया लाव की तिला, ह्ये काय वो?" तर अव्वा म्हणते, "अज्ज्या काय, पायलीचे पन्नास हायत. गिफ्ट-ओमा येकच!" भिशीच्या बायकासुद्धा तिला गिफ्टओमा म्हणायला लागल्या, आणि ती ओ द्यायची.

शिवू कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. अप्पांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागांवर जन्म घालवून त्याला इंजिनियर केला. तो इंग्लंडला गेला, तिथल्या केटशी लग्न केलं, आपला पासपोर्ट देऊन त्यांचा घेतला. मग कंपनीनं जर्मनीला पाठवलं, आणि तेवढ्यात इंग्लंडच युरोपातून बाहेर पडलं. म्हणजे हा साहेबाचा पासपोर्ट खिशात घालून परदेशी माणसांच्या रांगेत उभा. "इंग्लंडात मी इंडियन होतो गं अक्का, जर्मनीत ब्रिटिश झालो," असं तो हसून सांगायचा. पण ते हसणं काही खरं नसायचं.

त्याची गाऱ्हाणी मी दर आठवड्याला ऐकायची. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायच्या नाहीत, शेजारी दारात येतो. पोरांच्या डब्यात काय घातलं ते बालवाडीच्या बाई तपासतात आणि चुकलं की आईला उभं करून सांगतात. केटला निम्मं कळत नाही, ती मान हलवून येते. पाव घ्यायला गेलं की बाप काउंटरवर बोलतो आणि पोरगी सगळ्यांसमोर बापाचं व्याकरण सुधारते. "पोरगी माझी, पण भाषा त्यांची," तो म्हणाला होता. मी म्हटलं, तू तरी कुठं आमची शिकवलीस? त्यावर त्याचं नेट गेलं.

पार्सलात अव्वा दोनच गोष्टी पाठवायची. उखळात कुटलेली शेंगाची चटणी आणि शेंगापोळ्या. आपल्याकडे शेंगा म्हणजे शेंगदाणे, हे सोलापूरच्या बाहेर सांगावं लागतं.

"चटणी कशी झाली रे?"

"एक नंबर. नीला तर बोटं चाटते."

हे वाक्य शिवू बोलला, माझ्या कानांनी मी ऐकलं. ते लक्षात ठेवा.

जानेवारीत, संक्रांतीला, तिघं आली. अव्वाला एकच हवं होतं, पोरगी एकदा मांडीवर येऊन बसावी. हाकेनं भूक वाढली होती तिची. पण नीला अव्वाला बघितलं की केटच्या मागं जायची आणि तिच्या झग्याआडून एक डोळा काढायची. अव्वानं हात पुढं केला की दोन पावलं मागं. "लाजती," अव्वा म्हणायची. "नवीन हाय की तिला."

केटच्या कमरेला सतत एक छोटी पिशवी. आंघोळीला जाताना ती दाराच्या खुंटीला अडकवायची. स्वतःचं पातेलं आणलेलं, त्यात शेवया उकडून पोरीला द्यायची. शिवूनं आल्याआल्या आम्हाला एवढंच सांगितलं, "तिचं पोट नाजूक आहे. बाहेरचं काही देऊ नका." केटला वाटलं, नवऱ्यानं सगळं सांगितलं. अव्वाला वाटलं, आपण काही बाहेरच्या नव्हे.

"मी काय भाईरची हाय व्हय?" असं तिनं मला स्वयंपाकघरात विचारलंही होतं.

अप्पांनी अव्वासाठी गुपचूप एक गोष्ट चालवली होती. त्यांच्या जुन्या कारखान्यात जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, एक चादर विणून घेतली होती. दोन मोर आणि मधोमध इंग्रजी अक्षरांत 'GIFT OMA'. भोगीच्या दुपारी ते शिवूला घेऊन ती आणायला गेले. ती अक्षरं मागावरून उतरताना शिवूनं बघितली. अप्पा म्हणाले, "झकास दिसतंय का न्हाय?" आणि तो म्हणाला, "झकास." तिथंसुद्धा त्याची जीभ उचलली नाही.

त्याच वेळी केट आंघोळीला गेली होती. मी तव्यावर शेंगापोळ्या भाजत होते, अव्वा लाटत होती. नीलासाठी तिनं मुद्दाम पुरीएवढ्या लाटल्या होत्या. आणि नीला आपल्या पायांनी, कुणी न बोलावता, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

अव्वाचा चेहरा असा फुलला की मला तिचा राग आला. माझ्यासाठी जन्मात कधी फुलला नव्हता.

पोरीनं ताटाकडे बोट केलं. "गिफ्ट," ती म्हणाली.

"व्हय गं माझी बाय ती! गिफ्टच की तुला!"

नीलानं जोरानं मान हलवली. "नाइन! गिफ्ट! नाइन!"

अव्वा माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी. "आगं प्रिया, नऊ मागतीया! नाइन गिफ्ट म्हनती बघ!"

अव्वा चौथी शिकलेली, इंग्रजी आकडे तिला फोनमुळे पाठ. मला हसू फुटलं. "खादाड आहे की," मी म्हटलं. अव्वा ताटात पोळ्या मांडायला लागली, वन, टू, थ्री, आणि पोरगी प्रत्येक पोळीला "नाइन! नाइन!" ओरडत होती. जितकी ओरडायची तितकी अव्वा खूश. तिनं एका पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि पोरीचा दंड प्रेमानं धरला. नीलानं सगळ्या ताकदीनं ओरडायला तोंड उघडलं, आणि अव्वानं त्या उघड्या तोंडात घास घातला. वर हनुवटीला हात लावून तोंड मिटवलंही. आपल्याकडे लेकरांना असंच भरवतात.

पोरगी थुंकली, पण निम्मं आत गेलं होतं. मला वाटलं, तूप गरम लागलं. मग तिचे ओठ सुजायला लागले. मग डोळे. गळ्यावर लाल गांधी उठल्या आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

केट टॉवेल गुंडाळून, ओल्या केसांनी आली. तिनं ताट बघितलं. ती ओरडली नाही. पिशवीतून इंजेक्शनचं पेन काढून पोरीच्या मांडीत खुपसलं, दाबून धरलं. अव्वा "काय झालं गं, काय झालं," म्हणत जवळ सरकली, तर केटनं दुसऱ्या हातानं तिला असं ढकललं की अव्वा पिठाच्या डब्यावर जाऊन आदळली. डबा सांडला. पांढऱ्या पिठात बसून अव्वा तव्याकडे बघत राहिली, तिथं पोळी जळत होती.

तेवढ्यात अप्पा आणि शिवू रिक्षातून उतरले. पोरगी थरथरत होती. शिवूनं हाताला लागलं ते तिच्याभोवती गुंडाळलं, ती नवी चादर. केटनं टॉवेलावरच झगा चढवला आणि त्याच रिक्षात ती तिघं बसली, मागून आम्ही.

पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले, पेन होतं म्हणून वाचली. नर्सनं चादर सारखी करताना अक्षरं वाचली आणि म्हणाली, "गिफ्ट ओमा! छान आहे. कुणी दिली?" बाहेर व्हरांड्यात उभ्या शिवूनं ते ऐकलं आणि त्याचा बांध फुटला. पण फुटला तो अव्वावर.

"ती सांगत होती ना तुला! विष म्हणत होती ती! जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! शेंगा तिला विष आहेत!"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. अव्वाच्या लुगड्याला अजून पीठ होतं.

"आन् नाइन?" तिनं विचारलं.

"नाइन म्हणजे नको! नको, नको म्हणत होती!"

अव्वा बाकावर बसली. मग तिनं आणखी एक विचारलं. "ओमा म्हंजी?"

"आजी," शिवू म्हणाला.

"तेवडं तरी खरं हाय," अव्वा म्हणाली.

मी शिवूला जिन्याखाली ओढून नेलं आणि जाब विचारला. तेव्हा कळलं. पहिल्या पार्सलातली पोळी केटनंच डब्यात दिली होती. नीलाच्या तोंडाभोवती पुरळ आलं. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, हे हिला गिफ्ट आहे. केट इंग्रज, तिनं आपल्या भाषेतलं गिफ्ट ऐकलं, हसून थँक्यू म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी परत पोळी दिली. त्या वेळी ॲम्ब्युलन्स आली. बाईंनी सगळ्या पोरांना बसवून समजावलं की भारतातली आजी पाठवते ते नीलाला विष आहे. पोरांनीच नाव पाडलं, गिफ्ट-ओमा. म्हणजे केटनं हीच चूक केली होती, अगदी हीच. तिला कुणी पिठात ढकललं नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"अव्वाला वाईट वाटलं असतं."

"आणि बोटं चाटते म्हणालास ते?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "चटणी मी खायचो गं. ऑफिसात. सांगितलं असतं तर तिनं पाठवणं बंद केलं असतं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. मोठी बहीण आहे, तेवढा हक्क आहे माझा.

दवाखान्यातून ती तिघं परस्पर हॉटेलात गेली. निघायच्या दिवशी अव्वा हॉटेलच्या फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली, आत यायचं नाही असा निरोप होता. गाडी निघताना काच अर्धी खाली होती. नीलानं तिला बघितलं आणि बरं वाटत असलेल्या पोराच्या खणखणीत आवाजात ओरडली, "चूस, गिफ्ट-ओमा!" चूस म्हणजे येते, बाय-बाय. पोरीच्या मनात काही नव्हतं. तिला आजीचं दुसरं नावच माहीत नव्हतं. अव्वानं गाडी वळेपर्यंत हात हलवला.

चादर ती तिघं हॉटेलच्या खोलीवर टाकून गेली. अप्पांनी ती मागून आणली आणि एक दिवस ब्लेड घेऊन बसले. मग ब्लेड खाली ठेवलं. भरतकाम असतं तर उसवलं असतं, विणलेलं नाव उसवत नाही. त्यांनी ती उलटी करून पाहिली. पण आमची चादर दोन्ही बाजूंनी दिसते, मागूनही तीच अक्षरं, फक्त उलटी. ती आता कपाटात सगळ्यात खाली आहे. फेकायला अव्वा देत नाही.

रविवारचे कॉल बंद झाले. केट म्हणते, पोरगी घाबरते. तरी अव्वा रविवारी केस विंचरते.

आणि गेल्या आठवड्यात, भर दुपारी, शिवूचा फोन आला. ऑफिसातून. पहिल्यांदा तब्येतीचं झालं, हवेचं झालं. अव्वानं विचारलं, "पोरगी काय म्हनती?" तो म्हणाला, "बरी आहे. शाळेत जाते." मग घसा खाकरून म्हणाला, "अव्वा, चटणी संपली गं. पाठवशील का थोडी? फक्त पत्ता ऑफिसचा घाल. घरी नको."

मी हात पुढे केला, फोन हिसकावून चार शिव्या घालणार होते. अव्वानं माझा हात बाजूला केला.

"पाटवते की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर उखळ काढलं. शेंगा भाजल्या, लसूण सोलला, तिखट घातलं. मुसळाचा आवाज गल्लीभर गेला. समोरून बाळाबाईंनी खिडकी उघडली. हॉस्पिटलातलं आम्ही गल्लीत कुणाला सांगितलं नाही, पोरीचं पोट बिघडलं होतं एवढंच सगळ्यांना ठाऊक.

"काय गिफ्टओमा," बाळाबाई ओरडल्या, "नातीला पार्सल व्हय?"

अव्वाचं मुसळ वरच्या वर थांबलं. मग तिनं ते खाली आणलं.

"व्हय की," ती म्हणाली. "लई आवडती तिला."